हेक्टरी एक माणूस

आमच्या केतकीच्या पहिल्या बाळंतपणात सगळ्यात आधी कळा मला आल्या, आणि त्या भागाकाराच्या होत्या.

केतकी आमची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिथल्या एका लहानशा गावात जावयाला नोकरी, आणि आता तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला आई हवी, हा तिचा हट्ट अगदी रास्त होता. जायचं सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, एकटीनंच. कारण इतका वेळ विमानात बसणं माझ्या कंबरेला मानवणार नाही, मी आपला घर राखीन, असं मी आधीच जाहीर करून टाकलं होतं. (कंबर ठणठणीत होती. पण सहा महिने घरात शांतता! हातातला पेपर कोणी ओढून घेणार नाही, रेडिओवरचं गाणं शेवटपर्यंत ऐकायला मिळेल, या विचारानं मी आतल्या आत मोहरून गेलो होतो.)

अडचण एकच होती. सुमनला माणसं लागतात. सदाशिव पेठेत आमचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर आहे, पण ती खरी राहते जिन्यात. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली की परत येताना तिच्याकडे निम्म्या पेठेच्या बातम्या असतात आणि कोथिंबीर राहिलेली असते.

"तिथे माणसं आहेत का गं?" तिनं फोनवर केतकीला विचारलं.

"आई, मी काय जंगलात राहते का?"

"तसं नव्हे. येता-जाता दिसतात का?"

जावई हिशेबी माणूस. त्यांनी फोन घेतला. "आई, मी तुम्हाला आकडाच सांगतो. इथे दर चौरस मैलाला साधारण दोनशे साठ माणसं आहेत."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे किती हो?"

इथेच घात झाला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. लोकसंख्येची घनता म्हणजे माझ्या हातचा मळ! आणि निवृत्त झाल्यापासून मला कोणी काहीही विचारलेलं नव्हतं. मी फोन हातात घेतला.

"थांबा, किलोमीटरात करून सांगतो."

"बाबा, मी करतो ना, एक सेकंद..."

"जावईबापू, आमच्या पिढीला यंत्र लागत नाही!"

मी डोळे मिटले. एक मैल म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. दोनशे साठ गुणिले एक पूर्णांक सहा. "चारशे सोळा!" मी डोळे उघडून म्हणालो. पलीकडे जावई काहीतरी बोलत होते, पण विद्वानानं मध्येच थांबायचं नसतं. मी फोन ठेवला.

"चारशे सोळा म्हणजे बरीच की!" सुमनचा चेहरा उजळला. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा, आणि चारशे सोळांपैकी निवडक मंडळींना वाटायला चकल्यांचा डबा! आकडा तिनं जिन्यात सगळ्यांना सांगितला. (सदाशिव पेठेत जिन्यात सांगितलेली गोष्ट छापायची गरज नसते.)

आकडा उतरत उतरत पहिल्या मजल्यावर जोगळेकरांकडे पोचला. जोगळेकर पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. आता पूर्ण वेळ दुसऱ्यांच्या चुका काढतात. संध्याकाळी ते दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"मास्तर, आपण भूगोलच शिकवत होतात ना?"

"हो."

"तरीच."

(पुण्यात याला विचारपूस म्हणतात.)

"काय झालं जोगळेकर?"

"गुणायचं नाही हो, भागायचं! मैल मोठा, किलोमीटर लहान. मोठ्या पातेल्यात मावतात त्यापेक्षा जास्त पोहे लहान पातेल्यात कसे मावतील?"

माझे कान तापले. बायकोसमोर, आणि तेही पोह्यांचं उदाहरण देऊन! मी निमूटपणे भागाकार केला. जे उत्तर आलं ते शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. "एकशे साडेबासष्ट."

लाडू वळणारा सुमनचा हात थांबला. "साडे?"

"हो."

"हा अर्धा कोण?"

"अगं, तो सरासरीतला असतो."

"सरासरीतला असो नाहीतर शेजारचा असो, अर्ध्या माणसाशी मी काय बोलू?"

"वहिनी, काळजी करू नका," जोगळेकर जिना उतरता उतरता म्हणाले. "ऐकून घ्यायला अर्धाही पुरतो. आमचे मास्तर इतकी वर्षं ऐकतायतच ना!"

त्या दिवशी चकल्यांचा मोठा डबा बॅगेतून बाहेर आला आणि लहान डबा आत गेला. जायचं अजून रद्द झालं नव्हतं. मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या टाइल्सवर गेली आणि मला घाम फुटला. चौरस! मैल नव्हे, चौरस मैल! "अरे गाढवांनो, क्षेत्रफळ आहे ते, दोन्ही बाजू मोजायच्या!" असं मी वर्गावर्गांतून ओरडत आलो होतो, आणि आज ते गाढव अंगाला साबण लावून स्वतः उभं होतं. एक पूर्णांक सहाला पुन्हा एक पूर्णांक सहानं गुणायचं, म्हणजे जवळजवळ दोन पूर्णांक सहा. दोनशे साठ भागिले दोन पूर्णांक सहा. शंभर! बाकी शून्य! काय सुरेख उत्तर होतं!

मी पंचा गुंडाळून तसाच बाहेर धावलो. "सुमन! शंभर! बरोबर शंभर!"

शिक्षकाच्या पोटात चुकीचं उत्तर राहू शकतं, बरोबर उत्तर राहत नाही. शिवाय जोगळेकरांचाही भागाकार चुकला होता, हा आनंद वेगळाच! कपडे चढवून मी खाली गेलो आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: "सूचना. लोकसंख्येची घनता चौरस मैलावरून चौरस किलोमीटरवर आणताना १.६ ने नव्हे, २.६ ने भागावे. पहिल्या मजल्यावरील अभियंत्यांनी नोंद घ्यावी."

विजयी मुद्रेनं वर आलो तर बॅग रिकामी होऊन पलंगावर उपडी पडली होती.

"काल सकाळी चारशे सोळा होती," सुमन म्हणाली. "संध्याकाळी एकशे बासष्ट झाली. आज शंभर. मी पोचेपर्यंत कोणी उरणार आहे का तिथे?"

"अगं, माणसं तेवढीच आहेत. फक्त आकडा बदलला."

"माणसं तेवढीच आहेत तर आकडा कशाला बदलता? मी नाही जात."

आणि हे ती रागानं म्हणाली नाही, तीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती. ती पदरानं डोळे पुसत होती. "लेकीसाठी मी रांगत जाईन हो. पण जावई कामावर, ती आणि बाळ झोपलेले, आणि मी दिवसभर खिडकीत. वेड लागेल मला. बाळंतिणीनं वेड्या आईला सांभाळायचं का?"

मग केतकीचा फोन आला. तिला आईनं आधीच सांगितलं होतं. "बाबा, मला इथे एकटीला भीती वाटते," ती रडत म्हणाली. "तुम्हाला भागाकार करायला कोणी सांगितलं होतं?"

खरंच कोणी सांगितलं होतं? पोरगी परक्या मुलखात अवघडलेली, आई इथे डोळे पुसतेय, आणि मधे मी खडूचे हात घेऊन उभा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पेपर समोर पडला होता, कोणी ओढून घेत नव्हतं, आणि मला तो वाचवेना.

विचार करता करता मला एक युक्ती सुचली. (माझी युक्ती! तेव्हाच मला कोणी कोंडून ठेवायला हवं होतं.) चौरस किलोमीटरला शंभर माणसं म्हणजे हेक्टरी एक माणूस. अडीच एकरांत एक. ऐकायला भयंकर, पण प्रत्यक्ष पाहिलं तर तिची भीती जाईल! आमच्या शाळेतले चित्रकलेचे काळभोर सर लोणी काळभोरचे. त्यांच्या घरचा ऊस नुकताच तुटला होता, रान मोकळं होतं. रविवारी मी सुमनला स्कूटरवर बसवून सोलापूर रस्त्यानं थेट त्यांच्या शेतात नेलं. सर रान दाखवून चहाचं बघायला घराकडे गेले.

"हे बघ," मी बांधावर उभा राहून म्हणालो. "हा एक हेक्टर. यात तू. पलीकडच्या हेक्टरात मी. झाली अमेरिका! आता मी तिकडे जातो, मग तूच ठरव, एकटं वाटतं का."

तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून धडपडत मी पलीकडच्या रानाच्या मध्यावर गेलो. तिथे पोचता पोचता चपलेचा अंगठा तुटला. ऊन मी म्हणत होतं.

"दिसतोय का?" मी ओरडलो.

"काय?"

"दि-स-तो-य का?"

"दिसताय! पण काय बोलताय ते कळत नाही!"

"घरी तरी कुठे कळतं?" मी पुटपुटलो.

"ते ऐकू आलं!"

मग ती मटकन बांधावर बसली आणि डोक्याला हात लावला. तेवढ्या लांबूनही मला कळलं की संपलं. जी भीती आतापर्यंत नुसत्या आकड्यात होती ती मी तिला पंधरा-वीस किलोमीटर स्कूटर चालवून, पेट्रोल जाळून, डोळ्यांनी दाखवली होती! "मला घरी न्या!" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या एक बाई बांधावरून आल्या. काळभोर सरांच्या भावजय, त्यांना सगळे आक्का म्हणतात. भारा खाली टाकून त्या सुमनजवळ थांबल्या. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या हेक्टरातच काय, हडपसरातही ऐकू जावा.

"काय वो ताई, भांडान झालं व्हय? मालक तिकडं लांब हुबं हायती."

"भांडण नाही हो. ते मला अमेरिका दाखवतायत."

"आसं व्हय!" आक्कांना यात काहीच विशेष वाटलं नाही. "मंग बसा की. म्या बी बसते."

आणि त्या बसल्या!

"अहो आक्का!" मी जीव तोडून ओरडलो. "तुम्ही त्या हेक्टरात बसू नका! घनता दुप्पट होते!"

दोघींपैकी एकीनंही मान वळवली नाही. सुमननं डोक्यावरचा हात काढला. आक्का काहीतरी सांगत होत्या, सुमन मान डोलवत होती, मग सुमन सांगू लागली आणि आक्का "आगं बया!" म्हणू लागल्या. मी आपला माझ्या हेक्टरात उभा. हललो तर प्रयोग बिघडेल, म्हणून. आणि चप्पल तुटली होती, म्हणूनही. थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला. त्या कोणाला हसत होत्या हे मला कळलं, कारण दोघींचं बोट माझ्याकडे होतं.

शेवटी तहानेनं घसा सुकला तेव्हा मी अनवाणी, बुडख्यांवर ठेचकाळत त्यांच्याकडे गेलो. सुमनच्या ओटीत वांगी होती.

"पोरीला आळिवाची खीर द्या बरं का," आक्का सांगत होत्या. "आन् लवकर जावा. आई आसंल तर पोरीला बळ येतं."

परत येताना हडपसर मागे पडलं. मी सगळी आशा सोडून दिली होती.

"अहो," ती मागून म्हणाली.

"काय?"

"शंभर म्हणालात ना तुम्ही?"

"हो. आता पुन्हा तपासू का?"

"अजिबात नको! शंभर करायचीत काय मला? एक बोलकी बाई मिळाली की पुरे."

"पण सुमन, ती मराठी बोलणार नाही."

"तुम्ही तरी कुठे बोलता? तरी झालाच ना इतक्या वर्षांचा संसार!"

बॅग पुन्हा भरली गेली. आळीव, मेतकूट, आणि चकल्यांचा मोठा डबा. सुमन गेली, वेळेवर पोचली, केतकीला मुलगी झाली. फोनवर नातीचा टाहो ऐकला आणि मी भर दुपारी खाली जाऊन जोगळेकरांना मिठी मारली. (त्यांनी "सावकाश, बनियन नवं आहे," एवढंच म्हटलं.) सुमनला शेजारी एक म्हातारी मैत्रीण मिळाली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही, त्यामुळे दोघींनाही मध्ये न थांबता बोलता येतं. आता त्या गावातल्या पाच-सहा जणी जमून दर मंगळवारी सुमनच्या हाताखाली चकल्या पाडतात म्हणे.

आणि मी? मी शांतता उपभोगतो आहे. पहिल्या आठवड्यात दाराला पाटी लावली: "दुपारी बेल वाजवू नये." दुपारी कोणी वाजवली नाही. सकाळ-संध्याकाळही वाजवली नाही. दुसऱ्या आठवड्यात पाटी काढली, तरी कोणी येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा जिना लोक सुमनसाठी चढत होते. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझा असतो आणि गाणी अखेरपर्यंत ऐकू येतात. ती इतकी लांबलचक असतात हे मला माहीतच नव्हतं.

परवा जोगळेकर फळ्यापाशी भेटले. "मास्तर, आपल्या ब्लॉकची घनता काढलीत का?"

"काढली. एक."

"मैलात की किलोमीटरात?"

मी वर आलो आणि चहा टाकला. आधण उकळायला लागल्यावर पाहिलं, तर रोजच्यासारखंच दोन कपांचं. गुणाकार चुकला, भागाकार चुकला, आणि आता या वयात मला वजाबाकीही जमेनाशी झाली आहे.