कोरं की नवं

परवा नात म्हणाली, "आजी, ते जुनं शिलाई मशीन काढून टाक, तुला नवं घेऊ." मी विचारलं, "नवं की कोरं?" ती हसली. म्हातारी बडबडते, असं वाटलं असेल. पण हा प्रश्न माझा नव्हेच, आमच्या वन्संचा आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. शिलाई मशीनच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावरच्या कचेरीत बसून इंग्रजी कागद फ्रेंचमध्ये उतरवायच्या. फ्रेंच शिकल्या टपालाने. पंधरवड्याला एक जाडजूड पाकीट यायचं. मग त्या खिडकीशी बसून ओठांचा चंबू करून शब्द घोकायच्या आणि सासूबाई मला कानात विचारायच्या, "हिच्या घशाला काही झालंय का गं?"

माझी शाळा तिसरीत सुटली. तरी शब्द अडला की वन्सं स्वयंपाकघराच्या दारात हजर. "वहिनी, इंग्रजीत एकच शब्द आहे, फ्रेंचमध्ये दोन. कुठला घालू?"

"मला काय विचारता? मला सही करायला पाच मिनिटं लागतात."

"म्हणून तर विचारते. शिकलेली माणसं विचार न करता उत्तर देतात."

तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. तरुणपणी ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं, तेव्हापासून त्या विषयाला घरात कुलूप. त्या वर्षी कारखान्यातल्या मिस्त्रींनी ते कुलूप खडखडवलं. मिस्त्री विधुर, पदरात सात वर्षांची मुलगी. माणूस सरळ. यजमानांना येऊन म्हणाले, "बहिणीला विचारा. नाही म्हणाल्या तरी राग नाही. रविवारी उत्तराला येतो, पोरीला काहीतरी सांगावं लागेल."

वन्संनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. चार दिवस भाजीसुद्धा आवाज न करता चिरली.

शनिवारी दुपारी मालकाची यादी घेऊन दारात आल्या. बारा मशीनं परदेशी जायची होती आणि प्रत्येकापुढे मालकाने इंग्रजीत 'न्यू' लिहून ठेवलं होतं.

"फ्रेंचमध्ये एक नफ आहे आणि एक नूव्हो," वन्सं म्हणाल्या. "दोन्हीचा अर्थ नवं."

"मालक म्हणेल नफ घाला. त्यात नफा आहे!"

चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग समजावून सांगितलं. नफ म्हणजे कुणी वापरलेलं नाही ते. नूव्हो म्हणजे आपल्याकडे नव्याने आलेलं, आधी ते कुणाचं का असेना.

"आणि मशीनं कसली आहेत?"

"जुनीच. मिस्त्रींनी खोलून, घासून, रंग देऊन उभी केलीत. चालतात मात्र लोण्यासारखी."

"मग अडलंय कुठे? एक कोरं आणि एक नवं! मी या घरात आले तेव्हा अंगावर माझ्या ताईची साडी होती, काठाला रफू केलेली. साडी कोरी नव्हती, पण सून तर नवीच होते ना? सासूबाईंनी काय परत पाठवलं?"

वन्सं यादीकडे बघत राहिल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "त्या पोरीला कोरी आई हवी असेल गं. मी अशी, एकदा मोडलेली. स्वभावालाही गंज चढलाय."

चार दिवस खरा कुठला शब्द अडला होता, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मी हात पुसले.

"गंज काढायला मिस्त्री आहेतच की! आणि वन्सं, त्या पोरीची आई गेली. आता जी येईल ती नवीच असणार. कोरं-जुनं बघायला ती काय दुकानात आलीय?"

वन्सं बाराही ठिकाणी नूव्हो लिहून यादी कचेरीत देऊन आल्या. मालकाला पत्ता लागला नाही. लागायला फ्रेंच यावं लागतं.

रविवारी मिस्त्री आले. पोरगी घरी थांबेना म्हणून तिलाही घेऊन आले. दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली. तिने वन्संना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही माझ्या नव्या आई होणार?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. वन्सं मात्र खाली बसल्या आणि पोरीची नाडी हातात घेतली.

"नवी? हो, होईन. पण कोरी नाही हं, आधीच सांगून ठेवते. मधूनमधून कुरकुरते मी."

पोरगी बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही तेल घालाल ना?"

हसता हसता सासूबाईंना ठसका लागला. वन्सं मान खाली घालून नाडी बांधत होत्या. परत सुटू नये म्हणून त्यांनी गाठ दोनदा मारली.