जंतू, तंतू आणि वावडिंग

बेंबळीच्या जत्रेत आमच्या मंडळाचं नाटक असतं आणि त्यात दरवर्षी मी मरतो. खलनायकाला लागणारं अंग गावात माझ्याइतकं कुणाकडं नाही. मी पडलो की फळ्या करकरतात, धूळ उडते, पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावतात. इतक्या सरावानंतर मरणाची भीती मोडायला हवी होती. पण सोलापूरच्या सर्जननं कागदावर जठर काढलं, त्यातला मोठा भाग पेनानं खोडला आणि दोडक्याच्या शिरा काढाव्यात इतक्या सहज म्हणाला, “वजन उतरायला एवढं काढून टाकायचं.” मी तो कागद पालथा घातला.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती, आणि झोपेत माझा श्वास अडकायचा. तो परत सुरू होईपर्यंत बायको उशाशी बसून राहायची.

येताना धाराशिवला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. “ऑपरेशन वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्यानंतर आतड्यातले जंतूसुद्धा बदलतात. फायद्यातला काही वाटा त्यांचा असावा, असं संशोधकांना वाटतं. मग न कापता, नुसत्या खाण्यातून त्यांना बदलता येईल का, हे शोधणं चाललंय. मी खात्री देत नाही. दिवाळीपर्यंत बघू. जंतूंना तंतू लागतात. ज्वारी, हुलगे, जवस, पालेभाज्या, आंबील. गोळ्या चालू ठेवा. उतार पडला नाही तर सर्जनकडं जायचं, तिथं नाटक नाही.”

घरी आल्यावर ओसरीवर उभं राहून मी आईला सगळा प्रयोग करून दाखवला. सर्जन झालो, डॉक्टरीणबाई झालो, शेवटी पोटातले जंतूही झालो. आईला एका कानानं कमी ऐकू येतं.

“जंत झालेत व्हय? ह्या वयात?”

“जंतू, आई. चांगले असतात.”

“जंत कवा चांगले झालेत?”

“आत्या, ते न्हाईत,” बायको म्हणाली. “हे डोळ्यांना दिसत न्हाईत.”

“मग डॉक्टरनीला कसे दिसले?”

प्रश्न बिनतोड होता.

आंबिलीचं खातं आईनं आपणहून घेतलं. ज्वारीचं पीठ रात्री भिजत घालायची, सकाळी शिजवून ताक घालून पेला हातात द्यायची. चव जरा कडवट लागे. ज्वारी बदलली का विचारलं तर म्हणाली, “औषध समजून पी.” मी पोटावर हात ठेवून म्हणायचो, या मंडळी, पंगत मांडली आहे. बायको हसायची. मग विजार सैल झाली आणि मला नवीनच धास्ती लागली. हे बरं होणं आहे की आणखी काही?

दिवाळीच्या तोंडावर, तपासणीला जायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो, तर आई खलबत्त्यात काळे गोल दाणे कुटत होती.

“हे काय?”

“वावडिंग. ल्हानपणी तुला देत हुते की. जंत मरत्यात. आंबिलीत घालते रोज.”

मी पाटावर बसलो. म्हणजे एकाच पेल्यात जेवणही आणि विषही. मंडळी पंगतीला बसली होती ती जिवंत उठली होती की नाही?

“आई, ते मारायचे नव्हते. पाळायचे होते.”

“पाळायला म्हसरं हैत का?”

नेहमीसारखं हसू आलं नाही. उद्या उतार नसला, तर उपायच खोटा होता की आम्हीच तो मारला, हे कधीच कळणार नव्हतं, आणि माझ्या जठराला मात्र कात्री लागणार होती.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. “वावडिंगानं त्यांचं काय होतं, मला सांगता येणार नाही. बंद करा.” मग वजनकाटा. मी चपला काढल्या, घड्याळ काढलं, चष्माही काढला, त्यामुळं आकडा मला दिसलाच नाही. बाई काट्याकडं, मग साखरेच्या रिपोर्टाकडं बघत राहिल्या.

“उतार आहे. पुरेसा नाही. जंतूंमुळं, ज्वारीमुळं की तुम्ही फरसाण सोडल्यामुळं, ते विचारू नका. जत्रेपर्यंत थांबू. मग पुन्हा बघू.”

“जत्रेत मी मरतो, बाई.”

“तिथं खुशाल मरा.”

घरी आई दारातच होती. “मेले का?”

“न्हाय. जिवंत असावेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबील आली ती कडू नव्हती. पेला रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहिली, माझ्या पोटाकडं बघत.

“त्यांस्नी पुरलं का?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पेला पुन्हा भरला.