लेकीला सांगितलेली शुगर

माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. धारला बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, आणि आठवड्यातून एकदा स्कूटरला अवजारांची पेटी बांधून मी नालछ्याकडच्या टेलरांची फेरी करतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला शुगर निघाली. तहान फार लागायची, एक मशीन खोलून बंद करेपर्यंत दोनदा लघवीला उठावं लागायचं, आणि पँट कमरेला राहीना. मुलगी देवासला दिलेली आहे, तिथेच शाळेत शिकवते. तिनं मला बोलावून घेतलं, डॉक्टरबाईंना दाखवलं, गोळी सुरू झाली. परत निघताना तिनं माझ्या पिशवीत शुगर मोजायची छोटी मशीन ठेवली.

"बाबा, रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचं. साडेसहाला मी फोन करीन. आकडा मला सांगायचा, मी लिहून ठेवीन."

पहिले काही दिवस मी खरे आकडे सांगितले. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे त्र्याऐंशी, एकशे एकाहत्तर. आकडा ऐकला की तिचा आवाज उतरायचा. मग विचारायची, "रात को क्या खाया था? फिरायला गेलात का?" मागे तिचं वर्षाचं लेकरू रडत असायचं, तिला शाळा गाठायची असायची, आणि माझ्या एका आकड्यानं तिची सकाळ जड व्हायची. ते मला फोनवरूनही कळायचं.

एका दिवशी आम्ही नात्यातल्या मुंजीचं जेवण जेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीननं दोनशे चौदा दाखवले. तेवढ्यात फोन वाजला.

"एकशे चोवीस," मी म्हणालो.

"अरे वा, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लगेच मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी लेकराबद्दल बोलली. त्याला दोन दात आले होते, ते त्या सकाळी मला कळलं.

मग मी रोजच तसं सांगायला लागलो. एकशे अठरा. एकशे सव्वीस. सगळे सारखे नकोत म्हणून मधूनच एकशे बत्तीस.

मनाला समजावायला कारणंही सापडली. मी मशीन दुरुस्त करणारा माणूस, म्हणून त्या मशीनची परीक्षा घेतली. लागोपाठ तीनदा बोट टोचलं. एकशे एक्क्याऐंशी, एकशे चौऱ्याहत्तर, एकशे एकोणनव्वद. एकाच बोटाचं, एकाच मिनिटातलं रक्त आणि तीन आकडे. म्हटलं, हिचाच काटा स्थिर नाही, मग आपण थोडं कमी सांगितलं तर काय बिघडलं. मग बायकोचं बोट टोचलं. तिचे चौऱ्याण्णव आले. तिनं बोट पदरात गुंडाळलं आणि म्हणाली, "मशीन ठीकच दिसतेय. लेकीशी खोटं बोलू नका."

मी खोट्याचं खरं करायला निघालो. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं, मग नुसत्या ताकावर आलो. तरी सकाळी आकडा एकशे सत्तरच्या खाली येईना. एका रात्री काहीच खाल्लं नाही आणि सकाळी एकशे शहाऐंशी. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. न खाताही साखर वाढते म्हणजे आता आपल्या हातात काही उरलं नाही, असं वाटलं. हे कोणाला विचारायचीही सोय नव्हती. विचारायचं तर खरा आकडा सांगावा लागला असता.

तीन महिने झाल्यावर मुलीनं पुन्हा देवासला बोलावलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी असते, ती करायची होती. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. मुलीनं शाळेच्या वहीत रेघा मारून माझे सगळे आकडे तारीखवार लिहिले होते. वहीला तिनं खाकी कव्हरही घातलं होतं. ते कव्हर बघून मला खाली बघावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी आधी वही पाहिली, मग रिपोर्ट. मग पुन्हा वही.

"रिपोर्ट में नौ दशमलव एक है, यानी काफी ज्यादा," त्या म्हणाल्या. "और घर पर रोज एक सौ बीस के आसपास. ये दोनों साथ में बैठते नहीं."

"मॅडम, बाबा रोज नापते हैं," मुलगी म्हणाली. "एक दिन भी नहीं छोड़ा."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनी मला बरंच काही विचारलं. रक्त कधी चढवलं होतं का, मूळव्याधीतून रक्त जातं का, घरात कोणाला रक्ताचा आजार होता का. मग म्हणाल्या की रक्तात लोह कमी असलं किंवा रक्ताच्या पेशीच वेगळ्या जातीच्या असल्या तर ही तपासणी फसवा आकडा दाखवते. ते बघायला हवं. त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्यातली एक इंदूरला पाठवावी लागणार होती.

बाहेर येऊन आम्ही रक्त देण्यासाठी बाकावर बसलो. मुलगी उठून जरा लांब गेली आणि जावयांना फोन लावला. ती हळू बोलत होती, पण मला ऐकू येत होतं. "बाबा के खून में कुछ है... इंदूर भेजना पड़ेगा... नहीं, उन्हें नहीं बताया." मग ती भिंतीकडे तोंड करून ओढणीनं डोळे पुसायला लागली.

तिची सकाळ जड होऊ नये म्हणून मी जे केलं होतं, त्याचं हे असं झालं. मी उठलो आणि तिच्याजवळ गेलो.

"फोन ठेव," मी म्हणालो. "रक्तात काही नाही. वहीत खोट आहे."

तिला कळेना.

"मी तुला खरे आकडे सांगत नव्हतो. मुंजीला गेलो होतो ना, तेव्हापासून. सकाळी एकशे सत्तर, एकशे ऐंशी येतात. कधी त्याच्याही वर."

ती माझ्याकडे बघत राहिली. फोन तिच्या हातात चालूच होता. "रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"मी ते आकडे स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगायचे, बाबा. म्हणायचे, माझ्या बाबांनी किती मेहनत केली बघा."

ती बाकावर बसली. मला वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली तर बरंच होईल. पण ती म्हणाली, "तो फिर बस शुगर ही है ना? वही पुरानी? दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही."

तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग हसली, आणि हसतानाच तिला पुन्हा रडू आलं. "कमाल करते हो," एवढंच म्हणाली. शुगर आहे म्हणून इतकं हायसं वाटलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि मलाही, किती महिन्यांनी, छातीवरचं काही उतरल्यासारखं वाटलं.

आम्ही पुन्हा रांगेत लागून डॉक्टरबाईंसमोर बसलो. मुलीनं सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "बहुत लोग करते हैं," म्हणाल्या. "मशीन लाए हैं?"

मशीन पिशवीतच होती. त्यांनी एक बटण दाबलं आणि मागचे सगळे आकडे एकेक करून पडद्यावर आले, तारखेसकट. इतकी वर्षं मशीनींत हात घालून बसलेल्या मला त्या मशीनला आठवण असते हे माहीत नव्हतं. मुंजीनंतरचे दोनशे चौदाही त्यात होते.

मग त्यांनी मला नीट बसवून समजावलं. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटत राहते. त्या पेशी साधारण तीनचार महिने जगतात, म्हणून त्या तपासणीत गेल्या दोनतीन महिन्यांचा एकंदर हिशेब दिसतो. घरची मशीन मात्र त्या एका क्षणाची साखर सांगते. लागोपाठच्या तीन आकड्यांत थोडा फरक येणारच, एकट्या आकड्यावर जाऊ नये, आठवड्याभराचे मिळून बघावेत. आणि रात्री उपाशी राहिलं तरी सकाळी साखर वाढलेली असू शकते, कारण पहाटे आपलं लिव्हरच रक्तात साखर सोडतं.

"म्हणजे तो माझा गुन्हा नव्हता?" मी विचारलं.

"गुनाह किसका?" त्या म्हणाल्या. "ये नंबर आपके मार्क्स नहीं हैं. मुझे दवा तय करने के काम आते हैं. गलत बताओगे तो दवा गलत दूँगी."

हे मी विसरणार नाही. आमच्याकडेही गिऱ्हाईक मशीन घेऊन येतं आणि म्हणतं, भिया, मैंने तो कुछ नहीं किया, अपने आप बंद हो गई. नक्की काय केलं ते सांगितलं तर अर्धं काम तिथंच होतं.

नव्या तपासण्या त्यांनी खोडल्या, फक्त हिमोग्लोबिनची ठेवली. ती चांगली निघाली. गोळी बदलून दिली, रात्री नीट जेवायला सांगितलं, आणि आठवडाभर खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी असं दोन्ही वेळा मोजायला लावलं. मी चार दिवस देवासलाच राहिलो.

त्या चार दिवसांत मला तीन महिन्यांत कळलं नाही ते कळलं. नाश्त्याला शेव घातलेले पोहे आणि दोन कप गोड चहा घेतले, दोन तासांनी दोनशे अठ्ठ्याहत्तर. दुकानावर मी रोज हेच खात होतो आणि सकाळच्या आकड्याला दोष देत होतो. दुसऱ्या दिवशी मुलीनं मूगडाळीचे चिले, म्हणजे धिरडी, केली, बिनसाखरेचा चहा दिला, तर एकशे पंच्याऐंशी. रविवारी जावयांनी हौसेनं दालबाफले, म्हणजे डाळीबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, केले आणि मशीननं तीनशे दोन दाखवले. मी मोठ्यानं वाचून दाखवले. जावई ओशाळले. मुलगी म्हणाली, "लिहिलं. अब शाम को घूमने चलो." लेकराला कडेवर घेऊन आम्ही गावातल्या देवीच्या टेकरीच्या पायथ्यानं तासभर चाललो. घरी आल्यावर एकशे बासष्ट.

वाईट आकडा मोठ्यानं सांगता येतो, याचीच मला गंमत वाटायला लागली.

धारला परतलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं." मग रात्री तिनं पूर्ण जेवण वाढलं, आणि मी ते न घाबरता जेवलो. पोहे सोडले नाहीत, कमी केले. नालछ्याच्या फेरीला डबा नेऊ लागलो.

तीन महिन्यांनी पुन्हा देवासला तपासणी केली. सात दशमलव दोन. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या वयाला हे चांगलं आहे, असंच चालू ठेवा. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत म्हणून त्यांनी मला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे डोळ्यांत थेंब घातले आणि सगळं धूसर झालं. मी मनातून धास्तावलो होतो. माझं सगळं काम नजरेवर चालतं, सुईची जागा केसभर चुकली तरी टाका सुटतो. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड पाडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, पडदा साफ आहे, पुढच्या वर्षी या.

बाहेर ऊन इतकं लख्ख लागलं की डोळे उघडवेनात. मुलीनं माझा दंड धरला आणि पायऱ्या मोजत खाली उतरवलं. समोरच्या झाडाखाली आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. ती शाळेतल्या गोष्टी सांगत होती. मला रस्त्यावरची माणसं नुसती रंगांचे ठिपके दिसत होती. मग हळूहळू एका दुकानाच्या पाटीची अक्षरं सुटी व्हायला लागली. ती सगळी वाचता आल्यावर मी तिला म्हणालो, "चल, आता धारची बस मला दिसेल."