बोर्डातली अक्षता

तयार वस्तू घरात आणायची म्हटली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. कपाट मी सुताराला दारात बसवून करून घेतलं. त्याचं एक दार अजूनही लाथ घातल्याशिवाय लागत नाही, पण ते माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. हळद भावाच्या शेतातली, आणि ती गिरणीत दळून होईस्तोवर मी तिथून हलत नाही. औंढ्याच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं झाकणबंद वस्तूवर विश्वास ठेवावा तरी कसा, असं मी लोकांना विचारायचो. लोक गप्प बसायचे आणि मला वाटायचं, त्यांना पटलं.

लेकीला कम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा हे सगळं तिला ऐकावं लागलं. ती इमारतींचे आराखडे काढते. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरून काम करू द्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. ठरलेल्या सोमवारी अकरा वाजता तिचा कम्प्युटर चालू हवा, ते तिकडून तपासून बघणार. नाही जमलं तर मुकाट्यानं पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. तिनं हिंगोलीत एक लॅपटॉप पाहून ठेवला होता. सकाळी गेली असती तर दुपारच्या जेवणाला तो घेऊन परत आली असती.

मी आडवा आलो. तयार लॅपटॉपच्या पोटात काय भरलंय हे कुणी पाहिलंय? त्यापेक्षा एकेक भाग पारखून आणू आणि घरी जोडू, असं मी तिला सांगितलं. त्यासाठी मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि वहीत तक्ता आखला. डावीकडे तयार कम्प्युटरचे तोटे, उजवीकडे जोडलेल्याचे फायदे. आणखी दोन रकान्यांची मला गरज भासली नाही.

खरं कारण त्या वहीत नव्हतंच. लॅपटॉप पिशवीत मावतो. जोडलेला कम्प्युटर म्हणजे लोखंडी खोकं, मोठा स्क्रीन, वायरींचा गुंता; एवढं लटांबर उचलून कुणी पुण्याला जात नाही. मला लेक घरी हवी होती. सकाळच्या चहाला तिच्याशी भांडायची मला सवय लागली होती आणि ती मला मोडायची नव्हती. हे सरळ सांगायचं सोडून मी तिला कम्प्युटरच्या आतल्या पंख्यांचे फेरे समजावत बसलो.

भाग एकेक करून कुरिअरनं येऊ लागले. बायको प्रत्येक खोकं देवघरापुढं ठेवून त्याला हळदकुंकू लावायची. विजेच्या वस्तूला कुंकू म्हणजे शुद्ध अडाणीपणा, असं मी तिला न चुकता सुनावायचो. ट्रॅक्टरला लावतो तर याला काहून न्हाई, एवढंच ती विचारायची.

मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसवायचं ती पाटी, तेवढा शनिवारी सगळ्यात शेवटी आला. तिच्या मधोमध प्रोसेसरची जागा असते. तिथं केसाएवढ्या बारीक पिनांची दाटी आणि वर एक काळं प्लास्टिकचं झाकण.

त्या दुपारी मायलेकी बाजाराला गेल्या होत्या. मी पाटी उघडून बसलो होतो. परवा हे चालू झालं नाही तर लेक जाणार, याच्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. मग विज्ञानाच्या मास्तरानं देवघरातली अक्षतांची वाटी उचलली. खोक्यावर टाकून उपयोग काय, जिथं काम चालतं तिथंच पडायला पाहिजेत, हा माझा शास्त्रीय विचार. झाकण काढलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या, नागनाथाला हात जोडले. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून त्या चिमट्यानं वेचून काढल्या. सगळ्या निघाल्या असं समजून झाकण परत लावलं.

रविवारी जोडायचा मान अर्थातच माझा. प्रोसेसर ठेवून दांडी दाबली तेव्हा कर्रकन वाजलं. थोडा जोर लागतो, असं व्हिडिओतल्या माणसानं सांगितलेलंच होतं. बटण दाबलं, पंखे झकास फिरले, स्क्रीन काळाच राहिला. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या वायरी तीनदा काढून तीनदा लावल्या. विजेच्या दाबाला, कुरिअरवाल्याला आणि शेवटी बायकोच्या कुंकवाला बोल लावून झाला.

सोमवारी सकाळी ते खोकं मांडीवर घेऊन मी हिंगोलीच्या बसमध्ये बसलो. लेक शेजारी होती. दुरुस्तीवाल्यानं प्रोसेसर उचलला, भिंग लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग चिमट्यात धरून एक पिवळा कण त्यानं आमच्यापुढं केला.

"सर, तांदूळ हाय. पिना चेंगरल्या खाली. बोर्ड बदलावाच लागंल."

तेव्हा पावणेअकरा वाजले होते. हिच्या आईला किती वेळा सांगितलं, असं मी ताबडतोब म्हणालो. लेक बाहेर जाऊन फोनवर बोलली. पुण्याला येते म्हणून तिनं कळवून टाकलं.

घरी पोचल्यावर मी तोच सूर पुढं ओढला. बायको पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"म्या खोक्याला लावलं व्हतं. आत झाकण असतंय हेच मला ठाव न्हवतं. तुमाला ठाव व्हतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. लेक दारातच उभी होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सरळ आत गेली आणि बॅगेत कपडे भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी हिंगोलीला गेली आणि लॅपटॉप घेऊन दुपारच्या जेवणाला परत आली. निघायच्या दिवशी बायकोनं तो पाटावर ठेवून त्याला कुंकू लावलं. मी खुर्चीत पेपर वाचत होतो, म्हणजे नुसता धरून बसलो होतो. लेकीनं अक्षतांची वाटी माझ्यापुढं धरली. मी हात मागं घेतला.

"टाका, बाबा," ती म्हणाली. "हा तुमाला उघडता येत न्हाई."

मी मूठभर टाकल्या.