जिजाजींच्या शेडमधून हलवलेल्या डाय

सीमेवर लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिजाजींना फसवलं. फसवलं म्हणजे, माझं एकेक वाक्य तसं खरंच होतं.

मी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या इंदूरमधल्या, पलासियातल्या ऑफिसात खरेदी बघते. जिजाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, सांवेर रोडच्या त्यांच्या शेडमध्ये आमच्या गाडीचे मागचे दरवाजे दाबून द्यायचे. पत्र्याचा दरवाजा ज्यात घडतो तो जड लोखंडी साचा म्हणजे डाय. ती कंपनीच्या मालकीची, पण राहते सप्लायरकडे. आणि जिथे डाय, तिथे काम. म्हणून कुठलाच सप्लायर ती सहजी हलू देत नाही. हे काम जिजाजींना मिळालं तेव्हा मी या खात्यात नव्हते. हे उगाच सांगते आहे.

ते काम पुण्याकडच्या दुसऱ्या सप्लायरला द्यायचं वर आधीच ठरलं होतं. मला माहीत होतं. डाय कशा काढायच्या, एवढाच प्रश्न होता. मग सायरनची तालीम झाली, शहराने दिवे घालवून पाहिले, आणि माझे साहेब म्हणाले, "मॅडम, अब तो बहाना मिल गया."

शेडमध्ये गेले तर जिजाजी हसायलाच लागले. "इंदूरवर कोण बॉम्ब टाकणार, मेहुणीबाई? सराफ्यात माणसाला उभं राहायला जागा नाही, बॉम्ब कुठे पडेल?"

"वरून आदेश आहे. लढाई चालू आहे, डाय इथून हलवायच्या आहेत."

"परत येतील ना?"

"लढाई तर संपू द्या."

"तू म्हणतेस तर ठीक."

दुसऱ्या कुणाला त्यांनी फाटकातच उभं केलं असतं. त्यांनी सगळ्या डाय पुसून घेतल्या, ग्रीस लावलं, वरून ताडपत्री बांधली. क्रेनवाल्याला म्हणाले, "भिया, आराम से. लड़की की बिदाई है." कारागीर हसले. मीही हसले.

लढाई थोड्याच दिवसांत थांबली. तोवर डाय तिकडे पुण्याच्या मशीनवर बसल्याही होत्या. मी ऑफिसला जात होते, डबा खात होते. मला काही वाटत नव्हतं. भाच्याच्या वाढदिवसाला जिजाजी पाहुण्यांना सांगत होते, "हमारी साली ने डाय बचा ली." तेव्हाही मी शांतपणे प्लेटा भरत होते.

ते वाट बघत राहिले. सियागंजचा एक व्यापारी कूलरच्या बॉडीचं काम घेऊन पुन्हा पुन्हा यायचा. त्याला पत्रा दाबायचे दोन्ही प्रेस हंगामभर हवे होते. जिजाजी म्हणायचे, आणि डाय आल्या तर? शेवटी ताईचा फोन आला. "तूच समजाव बाई यांना. कारागीर सोडून चाललेत. आता नाही म्हटलं तर तो सेठ दुसरीकडे जाणार."

मी शेडमध्ये गेले.

"कूलरचं काम घ्या जिजाजी. डाय येणार नाहीत."

"का, उशीर आहे का अजून?"

"येणारच नाहीत. दुसऱ्याला दिल्यात."

ते प्रेसला टेकले. "तुला कधी कळलं?"

"डाय न्यायला ट्रेलर मागवायच्या आधी."

चहा आला. दोघांनी घेतला. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "हां सेठजी, कर लेंगे. अरे नहीं, दोनों मशीन खाली हैं." दरासाठी घासाघीस केली, मध्ये हसलेसुद्धा. फोन खिशात टाकून मला म्हणाले, "ताईला तू सांग. ती डाय गेल्यापासून म्हणते आहे, आपल्याला फसवलंय, आणि धाकटीला ठाऊक असणार. मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलतेस?"

"आत्ता जाऊ?"

"आत्ताच. मी येतो मागून."

ताईने दार उघडलं. हाताला कणीक होती.

"मानले का गं?"

"मानले. तू बस जरा, मला बोलायचंय."

"बोल ना. पोळ्या लाटता लाटता ऐकते."

ती आत वळली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "गॅस बंद कर, ताई."