शोकप्रस्ताव चालू असताना उघडलेली खिडकी

गरम इस्त्रीचा वास आला की सांताक्रूझची आमची शेजारची काकी आठवते. तिची एअर होस्टेस मुलगी विमान अपघातात गेली, तेव्हापासून काकीच्या खिडक्या बंद होत्या आणि त्याच नोकरीतली धाकटी घरी बसून होती. एके दिवशी टीव्हीवर विधानसभेत त्या अपघातातल्या मृतांसाठी शोकप्रस्ताव मांडला गेला, आमदार स्तब्ध उभे राहिले, तसे काकीच्या घरात आम्हीही उभे राहिलो. तेवढ्यात डोक्यावरून विमान घरघरत आलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. काकीने मात्र जाऊन खिडकी उघडली, आणि विमान धावपट्टीवर टेकल्याचा आवाज येईपर्यंत तिथून हलली नाही. मग धाकटीला म्हणाली, "उतरलं गं नीट. तुझा युनिफॉर्म आण, इस्त्री करते." परवा मुंबईला परतताना विमानात तीच धाकटी भेटली. उतरण्याआधी माझा पट्टा तपासत हळूच म्हणाली, "आई खिडकीत उभी असेल बघ."