फसलेल्या लाडवांची बिस्किटं

माय मरो अन् मावशी जगो, असं आमच्याकडे म्हणतात. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली आणि मावशी देवाने दिलीच नव्हती. राहिले बाबा. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, वरणभातापलीकडे स्वयंपाक न येणारे. तरी पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, हे त्यांनी साकोलीला जाऊन माझ्या सासूबाईंना सांगून टाकलं. आई नाही म्हणून पोरीचं माहेरच नाही असं होत नाही, म्हणाले. सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. मागून मात्र, गडीमाणसाच्या हातचं बाळंतपण कधी कोणी पाहिलं का, असं त्यांनी अख्ख्या साकोलीला विचारून घेतलं.

मला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आले आणि माझं जेवणच सुटलं. रुसवा नव्हता, घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचाच नाही. कारण नसताना डोळे भरून यायचे. लेक दुधासाठी रडायची आणि तिला पाहून मी रडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळींना होतं, मी लक्ष ठेवते, पण पोटात काही गेलंच नाही तर अंगात ताकद कुठून येणार? बरोबरच होतं त्यांचं. पण मला आई हवी होती, आणि ती काय बाजारात मिळते?

बाबांनी बाळंतिणीचे लाडू करायचं ठरवलं. शेजारच्या काकूंना विचारायला गेले. काकूंचं माप म्हणजे मूठभर हे, चिमूटभर ते, आणि गुळाचा पाक होईल तसा. बाबांनी डिंक, खारीक, खोबरं, बदाम आणले. ओळखीच्या माणसाकडून जंगलातली चारोळी मागवली, आणि गोडंबी, म्हणजे बिब्याच्या आतली गिरी. ती आमच्याकडे बाळंतिणीला लागतेच. मेथी गुणाची, म्हणून दुप्पट घातली. पाक कच्चा राहू नये म्हणून उकळतच ठेवला. बापा बापा, काय ते लाडू! एक हातातून निसटला तर मला फरशीची काळजी वाटली. दाताने फुटेना म्हणून चाटून पाहिला, तर कडू जहर. मी ताटली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

नेमका त्याच दुपारी नवऱ्याचा फोन आला. मी काही खात नाही हे त्याने आपल्या आईला सांगितलं होतं. येत्या रविवारी सासूबाई गाडी घेऊन येणार होत्या, मला आणि बाळाला न्यायला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बाबांनीही ऐकलं. ते लाडवांचा डबा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि थोड्या वेळाने तिकडून खलबत्त्याचे ठोके ऐकू यायला लागले.

मला वाटलं, राग काढून राहिले लाडवांवर. कायचा राग! लाडू कुटून त्यांनी त्याचा भुगा केला होता. मी लहान असताना दिवाळीच्या आधी आई घरचं पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जायची, आपली पाळी येईपर्यंत तिथेच बसायची आणि डबाभर नानकटाई भाजून आणायची. ती मात्र मला कोणी वाढायची गरज नसे, मीच डब्यात हात घालून फस्त करायचे. बाबांना तेच आठवलं होतं. पण बेकरीतली नानकटाई मैद्याची, अर्धीअधिक साखर. ती बाळंतिणीच्या काय कामाची? म्हणून त्यांनी भुग्यात ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ मिसळलं, म्हणजे मेथीही पातळ झाली. गूळ लाडवातलाच, वरून साखर नाही. घरचं तूप, मळायला थोडं दूध, आणि वरून चारोळीचे दाणे बोटाने दाबलेले.

ओव्हन आमच्याकडे नव्हता. मोबाइलवर पाहून त्यांनी जाड कढईत मिठाचा थर दिला, वर ताटली ठेवली, झाकण लावलं. पहिला घाणा खालून कोळसा झाला. घरभर धूर. बाबांनी खिडक्या उघडल्या, आच बारीक केली आणि दुसरा घाणा लावला. या वेळी भाजलेल्या ज्वारीचा आणि तुपाचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. ते एक बिस्किट वाटीत घालून घेऊन आले. मी उगाच त्यांचं मन मोडू नये म्हणून तोंडात घातलं. ते विरघळलं. गोडंबी दाताखाली आली, मेथी अगदी शेवटी जराशी कळली. ते संपलं तेव्हा मी दुसऱ्याला हात घातला होता.

चमत्कार बिमत्कार काही झाला नाही. रडू येतच होतं. पण बिस्किटासोबत दूध जायला लागलं आणि एके दिवशी दोन घास वरणभातही गेला. आज मी ओव्हनमध्ये तीच बिस्किटं करते, आधी लाडू न बिघडवता, आणि दर वेळी वाटतं की या माणसाचे उपकार फेडायचे नसतात. ते अंगावर घेऊन जगायचं असतं, आनंदाने.

त्या रविवारी सासूबाई आल्या. मला पाहिलं, नातीला पाहिलं, बसल्या. बाबांनी चहासोबत बिस्किटं ठेवली. मी त्यांच्या समोरच दोन खाल्ली, त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी एक मोडून खाल्लं आणि कोणत्या बेकरीतलं, म्हणून विचारलं. बाबांनी स्वयंपाकघराकडे हात दाखवला. सासूबाई उठून आत गेल्या. काळी पडलेली कढई, मिठाचा थर, खलबत्ता, सगळं पाहून बाहेर आल्या. बाबा खुर्चीला धरून उभे होते.

"भाऊ," सासूबाई म्हणाल्या, "गाडी रिकामीच जाऊ द्या. पोरीले सव्वा महिना इथंच राहू द्या."

सासूबाईंची गाडी गेल्यावर बाबा माझ्या खाटेच्या कडेवर येऊन बसले आणि रडायला लागले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं होतं. हे रडणं तसं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. काय होतंय ते कळायला मला थोडा वेळ लागला.

"बाबा," मी म्हटलं, "मले भूक लागून राहिली."